पावणेदोन कोटी मॉर्मन : नोंदवहीत किती, सभेत किती?

संपादक महोदय,

सादर नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतील यूटा राज्यावर आलेला लेख आवडीने वाचला. त्यात 'जगभरात मॉर्मन पंथाचे पावणेदोन कोटी अनुयायी आहेत' असे एक वाक्य आहे. आकडा लेखिकेने मनाने घातलेला नाही. त्या पंथाने स्वतःच प्रसिद्ध केलेल्या अहवालात २०२४ च्या अखेरची सभासदसंख्या १,७५,०९,७८१ अशी दिली आहे. माझी हरकत आहे ती 'अनुयायी' या शब्दाला. हा आकडा नोंदवहीतल्या नावांचा आहे. त्यातले किती जण आज तो धर्म पाळतात, हा प्रश्न वेगळा आहे, आणि त्याचे उत्तर त्या अहवालात कुठेही नाही. राज्य शासनाच्या सांख्यिकी खात्यात माझी तीस वर्षे गेली. आकडा बरोबर असूनही त्याच्यापुढचे नाम चुकले की वाचकाच्या मनात कसे भलतेच चित्र उभे राहते, हे मी फार वेळा पाहिले आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी नावाविषयी. या पंथाचे अधिकृत नाव 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स' असे आहे. जोसेफ स्मिथ यांनी ६ एप्रिल १८३० रोजी न्यूयॉर्क राज्यात त्याची स्थापना केली आणि आज त्याचे मुख्यालय सॉल्ट लेक सिटीत आहे. 'मॉर्मन' हे टोपणनाव सोडून पूर्ण नाव वापरावे, असे आवाहन तत्कालीन अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी २०१८ मध्ये केले होते. त्या भावनेचा मला आदर आहे, पण मराठी वाचकाला दुसरे नाव ओळखीचे नसल्याने इथे जुनेच नाव वापरतो.

या नोंदवहीत नाव कसे येते आणि कसे जाते, हे समजून घेतले की निम्मा गोंधळ दूर होतो. सभासदाच्या घरी मूल जन्मले आणि मंडळीसमोर त्याला आशीर्वाद दिला गेला की त्याची नोंद होते. आठव्या वर्षी त्याचा बाप्तिस्मा होतो. बाहेरून येणाऱ्याचा बाप्तिस्मा झाला की तोही सभासद. नाव निघते ते मुख्यतः तीन वाटांनी : मृत्यूची खबर मिळाली तर, सभासदाने स्वतः लेखी मागणी केली तर, किंवा पंथाने त्याचे सभासदत्व काढून घेतले तर. एखादा माणूस वीस वर्षे सभेला फिरकला नाही, दुसऱ्या धर्मात गेला, किंवा आपला कधीकाळी बाप्तिस्मा झाला होता हे विसरूनही गेला, तरी यांपैकी काही घडेपर्यंत त्याचे नाव वहीत राहते. पत्ता हरवलेल्या सभासदांच्या नोंदी तर वयाची ११० वर्षे पूर्ण होईपर्यंत जिवंत धरल्या जातात.

हे मी जवळून पाहिले आहे. माझी मुलगी काही वर्षे यूटात नोकरीला होती आणि तिच्याकडे आम्ही उभयता पाच महिने राहिलो. शेजारचे गृहस्थ त्यांच्या वॉर्डचे, म्हणजे स्थानिक मंडळीचे, कारकून होते. हे काम बिनपगारी असते. तिथला बिशप, म्हणजे वॉर्डचा प्रमुख, तोसुद्धा आठवडाभर आपली नोकरी किंवा व्यवसाय सांभाळणारा साधा गृहस्थच असतो. त्यांनी आम्हाला एका रविवारी प्रभुभोजनाच्या सभेला नेले. बारा-तेरा वर्षांची मुले पांढरे सदरे घालून पावाचे तुकडे आणि इवल्याशा पेल्यांतले पाणी रांगेरांगेतून फिरवत होती. ते झाल्यावर आमचे शेजारी शेवटच्या बाकामागे उभे राहिले आणि ओठ न हलवता डोकी मोजू लागले. तान्ह्या बाळांसकट सगळे मोजले. मग दार हळूच लोटून बाहेर गेले, कारण रडणारी मुले घेऊन तीन-चार आया बाहेरच्या मार्गिकेत उभ्या होत्या. त्या मोजायच्या राहू नयेत! परत येऊन त्यांनी खिशातल्या चिठ्ठीवर आकडा लिहिला : १६३. त्यांच्या वहीतली नावे होती ४१० च्या आसपास.

नंतर त्यांच्या ओट्यावर बसून मी खोदून खोदून विचारले. उरलेल्यांतले काही आजारी असतात, काही प्रवासाला गेलेले असतात, पण बरीच नावे अशी की त्या माणसाला वॉर्डातल्या कोणीच कधी पाहिलेले नसते. यादी घेऊन ते आणि त्यांची पत्नी संध्याकाळी दारोदार जात. बहुतेक ठिकाणी भलतेच कोणी दार उघडे आणि 'इथे त्या नावाचे कोणी राहत नाही' असे सांगे. कधी योग्य माणूस भेटे आणि 'कृपा करून पुन्हा येऊ नका' असे सभ्यपणे सांगे. तरीही त्याने लेखी कळवले नाही तर नाव तसेच राही. एका म्हाताऱ्या बाईंनी मात्र त्यांना आत बोलावले, चहा नाही म्हणून सरबत दिले आणि चाळीस वर्षांनी कोणीतरी चौकशीला आले म्हणून डोळे पुसले. हे सांगताना त्या गृहस्थांचाही आवाज बदलला होता. तेव्हापासून मला त्या वहीकडे नुसत्या सांख्यिकीच्या नजरेने पाहता आलेले नाही.

सांगायचा मुद्दा असा की हजेरी दर रविवारी मोजली जाते. ती स्थानिक मंडळीकडून तिमाही अहवालातून वर जाते आणि मुख्यालयात पोहोचते. दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा, देणाऱ्यांची नोंद असते. मंदिरात प्रवेशासाठी मुलाखत घेऊन जो परवाना दिला जातो, त्याचे दर दोन वर्षांनी नूतनीकरण होते, त्याचीही नोंद असते. थोडक्यात, सक्रिय सभासद किती, हे सांगण्याइतकी माहिती या पंथाकडे आहे, आणि इतक्या शिस्तीने ठेवलेली आहे की कोणत्याही सरकारी खात्याने हेवा करावा. प्रसिद्ध होतो तो फक्त एकूण सभासदांचा आकडा, आणि त्याच्या जोडीला नवे बाप्तिस्मे, नवजात नोंदी, मिशनरी व मंडळ्या यांची संख्या.

प्रसिद्ध झालेल्या आकड्यांतूनही बरेच काही निघते, हे कागद-पेन्सिल घेऊन बसल्यास कोणालाही कळेल. २०२२ च्या अखेरीस सभासद होते १,७०,०२,४६१ आणि २०२३ च्या अखेरीस १,७२,५५,३९४. म्हणजे वाढ २,५२,९३३ ची. त्या वर्षात बाहेरून आलेल्यांचे बाप्तिस्मे झाले २,५१,७६३ आणि मुलांच्या नव्या नोंदी झाल्या ९३,५९४. दोन्ही मिळून ३,४५,३५७. वजाबाकी केली की वर्षभरात वहीतून गेलेली नावे उरतात ९२,४२४. यात मृत्यू आले, राजीनामे आले, काढून टाकलेले आले, आणि नोंद होऊनही पुढे बाप्तिस्मा न घेतलेली मुलेही आली. हे सगळे मिळून प्रमाण पडते दर हजारी साडेपाचाच्या आत. अमेरिकेत नुसता मृत्युदरच दर हजारी नऊच्या आसपास आहे. तरुण लोकसंख्या असलेल्या देशांतले सभासद धरून प्रमाण खाली आले असे मानले, तरी मृत्यू आणि बाकीच्या सगळ्या गळतीसह ते इतके कमी भरणे पटत नाही. गेलेल्या माणसांच्या मृत्यूची खबर वहीपर्यंत पोहोचत नसावी, हाच त्याचा सरळ अर्थ मला दिसतो. पुढच्या वर्षी, २०२४ मध्ये, याच वजाबाकीचे उत्तर १,४५,९१२ येते. एका वर्षात दीडपटीहून अधिक वाढ कशामुळे झाली, जुन्या नोंदी साफ केल्या की सोडून जाणारे वाढले, हे अहवालावरून सांगता येत नाही, कारण गळतीचा रकानाच त्यात नाही.

आणखी एक भागाकार. २०२४ मध्ये मंडळ्यांची संख्या ३१,६७६ होती. एका मंडळीमागे सरासरी ५५३ सभासद पडतात. मी पाहिलेल्या सभागृहात एका वेळी तेवढी माणसे कशीबशी मावली असती, आणि तो वॉर्ड यूटातला, म्हणजे पंथाच्या माहेरघरातला होता.

याहून भक्कम पुरावा जनगणनेचा आहे. २००१ च्या आपल्या जनगणनेत मी पर्यवेक्षक होतो. धर्माच्या रकान्यात माणूस जे सांगेल तेच लिहायचे, आपले तर्क चालवायचे नाहीत, अशी सूचना आम्हाला होती. लॅटिन अमेरिकेतल्या काही देशांत असा प्रश्न विचारून मॉर्मनांचा वेगळा आकडा प्रसिद्ध केला जातो. ब्राझीलच्या २०१० च्या जनगणनेत २,२६,५०९ जणांनी आपण या पंथाचे असल्याचे सांगितले. पंथाच्या वहीत त्या वर्षी तिथे ११,३८,७४० नावे होती. म्हणजे पाचांतला एक. मेक्सिकोत त्याच वर्षी ३,१४,९३२ जणांनी तसे सांगितले आणि वहीत नावे बारा लाखांवर होती. चिलीत २००२ साली पंधरा वर्षांवरील १,०३,७३५ जणांनी तसे सांगितले. वहीतला आकडा पाच लाखांच्या पुढे होता. मुले धरली तरी ही दरी बुजत नाही. या तफावतीचा अभ्यास डेव्हिड नोल्टन आणि रिक फिलिप्स यांच्यासारख्या संशोधकांनी वीस वर्षांपूर्वीच मांडला आहे. इथे प्रश्न रविवारी कोण येतो एवढाच राहत नाही. घरी आलेल्या प्रगणकाला 'मी मॉर्मन' एवढे सांगण्याइतकीही ज्यांची ओळख उरलेली नाही, अशी ही माणसे आहेत.

जनगणनाच चुकली असेल, असे कोणी म्हणेल. त्यावर त्याच जनगणनेत उत्तर आहे. यहोवाचे साक्षीदार हाही अमेरिकेत जन्मलेला, दारोदार फिरून प्रचार करणारा पंथ. ब्राझीलच्या २०१० च्या जनगणनेत १३,९३,२०८ जणांनी आपण साक्षीदार असल्याचे सांगितले, आणि त्या पंथाचा स्वतःचा आकडा होता सुमारे सात लाख! कारण तो पंथ फक्त प्रचारकार्याचा अहवाल देणाऱ्यांनाच मोजतो. सभेला येणारे, घरातली मुले, मनाने जवळ असलेले हे त्या आकड्यात येत नाहीत. एकाच देशात, एकाच वर्षी, एकाच प्रश्नावलीत एका पंथाचे लोक त्याच्या दाव्याच्या दुप्पट निघाले आणि दुसऱ्याचे पाचव्या हिश्श्याइतके. दोन्ही पंथांचे आकडे आपापल्या व्याख्येनुसार खरेच आहेत. मात्र वृत्तपत्रात ते शेजारी शेजारी छापून कोण मोठा हे ठरवू लागलो, तर आपण वाचकाला फसवतो.

इतकी तफावत लॅटिन अमेरिकेतच का, याचे कारण बाप्तिस्म्याच्या घाईत आहे. अठरा-वीस वर्षांची मुले दीड-दोन वर्षांसाठी परदेशी जातात, भाषा शिकतात, उन्हातान्हात सायकलवर फिरतात. त्यांची निष्ठा पाहून कोणालाही कौतुक वाटावे. पण काही काळात, काही ठिकाणी, महिन्याला इतके बाप्तिस्मे झाले पाहिजेत असा दबाव त्यांच्यावर आला. १९६० च्या सुमारास ब्रिटनमध्ये तर खेळाचे संघ काढून पोरांना जमवायचे आणि त्यांचा बाप्तिस्मा उरकायचा, असा प्रकार झाला. पंथाच्या इतिहासात तो 'बेसबॉल बाप्तिस्मे' या नावाने नोंदला गेला आहे. त्या पोरांतली बहुतेक मंडळीत टिकली नाहीत. ही चूक पंथातल्या जाणत्यांनी झाकून ठेवली असेही नाही. १९९७ मध्ये अध्यक्ष गॉर्डन हिंकली यांनी स्पष्ट सांगितले की नव्याने आलेल्या प्रत्येकाला तीन गोष्टी मिळाल्या पाहिजेत : एक मित्र, एक जबाबदारी आणि देवाच्या वचनाचे पोषण. २००२ मध्ये बारा प्रेषितांच्या मंडळातील जेफ्री हॉलंड यांना चिलीत आणि डॅलिन ओक्स यांना फिलिपिन्समध्ये प्रत्यक्ष राहायला पाठवण्यात आले. एरवी हे पदाधिकारी मुख्यालयात बसतात. चिलीत पुढे अनेक मंडळ्या एकत्र करण्यात आल्या, कारण कागदावरच्या मंडळ्या चालवायला माणसेच नव्हती.

१९९२ साली पंथाच्याच ब्रिगम यंग विद्यापीठातल्या विद्वानांच्या पुढाकाराने निघालेल्या मॉर्मन ज्ञानकोशात हजेरीचे प्रमाण उघडपणे दिलेले आहे : अमेरिका, कॅनडा व दक्षिण पॅसिफिकात चाळीस ते पन्नास टक्के, युरोपात सुमारे पस्तीस, आशिया व लॅटिन अमेरिकेत सुमारे पंचवीस. म्हणजे हा विषय पंथाच्या शत्रूंनी उकरून काढलेला नाही. अमेरिकेतही टिकून राहणाऱ्यांचे प्रमाण घसरते आहे. प्यू या संशोधन संस्थेच्या २००७ च्या पाहणीत, मॉर्मन घरात वाढलेल्यांपैकी सत्तर टक्के लोक मोठेपणीही स्वतःला मॉर्मन म्हणवत होते. २०१४ मध्ये ते प्रमाण चौसष्ट टक्क्यांवर आले. १९८४ साली समाजशास्त्रज्ञ रॉडनी स्टार्क यांनी वाढीचा त्या काळचा चढता दर पुढे ओढून २०८० पर्यंत हा पंथ सव्वीस कोटींवर जाईल असे भाकीत केले होते. जगभरच्या वृत्तपत्रांनी ते उचलले. त्यांच्याच लेखातला कमी दराचा, सहा कोटींच्या पुढचा अंदाज मात्र फारसा कोणी छापला नाही.

आता पंथाची बाजू. एवढे सगळे ठाऊक असूनही ते नाव का काढत नाहीत, असे मी आमच्या शेजाऱ्यांना विचारले होते. त्यांनी आतून 'मॉर्मनचा ग्रंथ' हा आपला धर्मग्रंथ आणला आणि त्यातल्या मरोनीच्या भागातले एक वचन दाखवले. बाप्तिस्मा घेतलेल्यांची नावे लिहून ठेवली, ती त्यांची आठवण राहावी आणि वचनाने त्यांचे पोषण व्हावे म्हणून, असा त्याचा आशय आहे. त्यांच्या दृष्टीने बाप्तिस्मा हा करार आहे. माणूस विसरला तरी करार उभा असतो, आणि नाव खोडणे म्हणजे त्या माणसाची विचारपूस करण्याची स्वतःची जबाबदारी झटकणे. हा विचार मला मनापासून पटला. सरबत देणाऱ्या त्या बाईंचे नाव कोणी खोडले असते, तर त्यांच्या दारावर कोणी गेलेच नसते.

पण मग त्याच विचाराने चालायचे तर ती यादी विचारपूस करण्यासाठी आहे, मोठेपणा मोजण्यासाठी नाही. ज्या वचनात आठवण आणि पोषण हे दोन शब्द आहेत, त्याच्या आधारे ठेवलेल्या वहीतली एकूण नावे दरवर्षी एप्रिलच्या अधिवेशनाच्या वेळी वाढीचा पुरावा म्हणून जाहीर करणे हे माझ्या मते त्या वचनाला धरून नाही. वॉर्ड नवा काढायचा का, हे ठरवताना २०२४ पासून नोंदलेल्या सभासदांबरोबर सहभागी प्रौढांची संख्याही पाहिली जाते. आतल्या कारभारासाठी जो आकडा आवश्यक वाटतो, तो बाहेरच्या जगालाही सांगावा. चर्च ऑफ इंग्लंड हजेरी घटत असतानाही ती दरवर्षी छापत आले आहे. पुणेकरांना स्पायसर महाविद्यालयामुळे परिचित असलेल्या सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथाने सभासद नोंदींची तपासणी करून, १९६५ पासून आलेल्या दर दहांपैकी सुमारे चार जण सोडून गेल्याचे स्वतःच जाहीर केले. यामुळे या दोन्ही पंथांविषयीचा माझा आदर वाढलाच आहे.

आपल्याकडची परिस्थिती अशी की भारताच्या जनगणनेत ख्रिस्ती धर्मातल्या पंथोपपंथांचे आकडे वेगळे प्रसिद्ध होत नाहीत, त्यामुळे इथल्या सभासदसंख्येची पडताळणी करण्याचे बाहेरचे साधन नाही. हैदराबादेत २०१२ मध्ये भारतातला पहिला स्टेक, म्हणजे अनेक वॉर्डांचा समूह, स्थापन झाला आणि २०१८ मध्ये बंगळुरूच्या मंदिराची घोषणा झाली. या बातम्या देतानाही हा फरक ध्यानात ठेवावा लागेल. महाराष्ट्राशी या पंथाचा संबंध तर त्याहून कितीतरी जुना आहे. ह्यू फिंडले नावाचे मिशनरी १८५२ मध्ये मुंबईत उतरले आणि विरोध झाल्यावर पुण्याला जाऊन त्यांनी मूठभर माणसांची एक शाखा उभी केली. ती चार-पाच वर्षेही टिकली नाही. पण संख्या इतकी लहान होती की प्रत्येक नावामागचा माणूस फिंडले यांना ठाऊक असणार.

आपल्याला विनंती एवढीच आहे की यापुढे या पंथाविषयी लिहिताना 'अनुयायी' ऐवजी 'नोंदणीकृत सभासद' असा शब्द वापरावा, आकड्याबरोबर तो पंथानेच दिलेला आहे हे सांगावे, आणि ज्या देशाविषयी लेख असेल तिथल्या जनगणनेचा आकडा उपलब्ध असल्यास तोही शेजारी द्यावा. एका वाक्यात बसेल एवढेच हे काम आहे. शेजारच्या त्या कारकुनांना मी हे पत्र इंग्रजीत करून पाठवणार आहे. त्यांच्या वॉर्डात परवाच्या रविवारी १५८ माणसे होती, असे मुलीच्या मैत्रिणीकडून कळले.

आपला,
सांख्यिकी खात्यातील एक निवृत्त कर्मचारी, पुणे